आपापले जेरुसलेम



दहावी-बारावीचे निकाल लागून बरेच दिवस झाले. कुठे पेढे वाटले गेले, कुठे वाटायचे राहून गेले. प्रवेशाच्या याद्या, फीचे हप्ते, क्लासच्या बॅचेस यांची धावपळही आता ओसरली आहे. येत्या ३१ जुलैला ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करील. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. पण संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

'मोठा झाल्यावर तू कोण होणार?' हा प्रश्न आपण सर्वांनी लहानपणी ऐकला आहे आणि मोठेपणी दुसऱ्यांच्या मुलांना विचारलाही आहे. पहिलीतला मुलगा बिनधास्त सांगतो, पायलट. चौथीत गेला की म्हणतो, क्रिकेटर. दहावीनंतर मात्र उत्तर जड होते, कारण आता ते त्याचे एकट्याचे राहिलेले नसते. आई-वडील, मामा, क्लासचे सर, कॅनडाला गेलेला शेजारचा मुलगा, असे सगळे मिळून ते उत्तर तयार करतात आणि मुलगा ते पाठ म्हणून दाखवतो.

प्रश्न तिथेच संपतो असेही नाही. तिशीत स्वतःचा ब्लॉक हवा असतो. चाळिशीत मुलांना चांगल्या कॉलेजात घालायचे असते. पन्नाशीत मुलीचे लग्न चार लोकांत शोभेल असे करायचे असते. साठीत नातवंडाचे तोंड बघायचे असते आणि जमले तर एकदा पवित्र भूमीची यात्रा करायची असते. आयुष्यभर माणूस कशाच्या तरी मागे चालत असतो. त्यात वाईट काहीच नाही. ज्याला कशाचीच ओढ नाही, तो सकाळी अंथरुणातून उठणार तरी कशासाठी?

पण एक प्रश्न उरतो आणि तो सोपा नाही. मनाशी धरलेले ध्येय गाठता आले नाही, तर आयुष्य वाया गेले का? आणि गाठता आले, तर ते सार्थकी लागले का?

दोन सोपी उत्तरे

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत आणि रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर मिळते. ध्येय ठरवा, कागदावर लिहा, कपाटाच्या दारावर चिकटवा. मनापासून ठरवले तर अशक्य काही नाही. ऐकायला हे छान वाटते. पण याचा उलटा अर्थ फार क्रूर आहे. ज्याला जमले नाही, त्याला आपण नकळत सांगतो की तुझी इच्छाच कमी पडली. ज्या मुलीने आजारी आईला सांभाळत परीक्षा दिली आणि जिला चार गुण कमी पडले, तिची इच्छा कमी पडली होती का?

दुसरे उत्तर आपल्या घरांत मिळते. 'देवाच्या मनात असेल ते होईल.' ज्याने जन्मभर कष्ट केले आणि मग हे म्हटले, त्याच्या तोंडी हे वाक्य शोभते. पण अभ्यासाला न बसता, अर्ज न भरता, कामाची चौकशी न करता जो हे म्हणतो, तो देवाच्या नावावर स्वतःचा आळस खपवत असतो.

पहिले उत्तर सगळा भार माणसावर टाकते आणि दुसरे सगळा भार देवावर. या दोहोंच्या मधली वाट कशी असते, हे पुस्तकातून कळणे कठीण. ज्याने ती वाट पायाखाली घातली, त्याच्याकडून ते कळते.

शूर सरदाराचे स्वप्न

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या बास्क प्रांतातील लोयोला येथे, एका सरदार घराण्यात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. तरुणपणी त्यांचे ध्येय स्पष्ट होते: तलवार गाजवायची, नाव कमवायचे आणि एका थोर घराण्यातील स्त्रीचे मन जिंकायचे. २० मे १५२१ रोजी पाम्पलोना येथील लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा एक पाय मोडला, दुसराही जखमी झाला. त्यांना घरी आणण्यात आले. हाड नीट बसले नव्हते म्हणून पुन्हा मोडून बसवावे लागले. तरीही गुडघ्याखाली हाडाचा एक उंचवटा राहिला. त्या काळच्या फॅशनचे घट्ट बूट त्या पायात चांगले दिसणार नाहीत, म्हणून त्यांनी तो उंचवटा करवतीने कापून घेतला. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते. आपल्या ध्येयासाठी माणूस किती सोसू शकतो, हे यावरून दिसते. आणि ध्येय किती किरकोळ असू शकते, हेही यावरूनच दिसते. बुटांसाठी पाय कापून घ्यायचा!

पडल्या पडल्या वाचायला त्यांना शूरवीरांच्या कादंबऱ्या हव्या होत्या. घरात मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. नाइलाजाने ती वाचली. वाचताना आणि स्वप्ने रंगवताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. दरबारातल्या पराक्रमाचे विचार चालू असताना मन रमत असे, पण विचार संपले की कोरडे पडत असे. संतांसारखे जगण्याचे विचार चालू असतानाही आनंद होई आणि ते संपल्यावरही तो टिकून राही. एवढाच फरक. पण या एका फरकावर त्यांचे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले.

आपण आपल्या इच्छा तपासतो त्या त्यांच्या मोठेपणावरून, खर्चावरून, लोक काय म्हणतील यावरून. इग्नेशियस यांनी त्या तपासल्या मागे राहणाऱ्या चवीवरून. हा शोध कोणालाही लावता येतो. त्याला शिक्षण लागत नाही, थोडा निवांतपणा लागतो.

जेरुसलेम

पाय बरा झाला आणि त्यांनी नवे ध्येय धरले. जेरुसलेमला जायचे, प्रभू येशू जिथे चालला त्या भूमीत राहायचे आणि मरेपर्यंत तिथल्या लोकांची सेवा करायची. यापेक्षा पवित्र ध्येय कोणते असेल? १५२३ च्या सप्टेंबरमध्ये ते खरोखरच तिथे पोहोचले. आणि जेमतेम तीन आठवड्यांत त्यांना परत फिरावे लागले. पवित्र स्थळांची जबाबदारी फ्रान्सिस्कन धर्मबंधूंकडे होती. यात्रेकरूंना पळवून नेऊन खंडणी मागितली जात असे, म्हणून तेथील प्रमुखांनी त्यांना राहू दिले नाही. हट्ट कराल तर बहिष्कृत करण्याचा अधिकार आम्हाला आहे, असेही सांगितले.

निघण्यापूर्वी ते एकटेच गुपचूप जैतुनाच्या डोंगरावर गेले. प्रभू स्वर्गारोहणाच्या वेळी जिथे उभा होता असे सांगतात, तिथल्या दगडावरच्या पावलांच्या खुणा त्यांना पाहायच्या होत्या. आत सोडावे म्हणून पहारेकऱ्याला त्यांनी आपला छोटा चाकू दिला. खुणा पाहून खाली आले, तर उजवे पाऊल कोणत्या दिशेला होते आणि डावे कोणत्या, हे नीट पाहायचे राहिलेच! म्हणून पुन्हा वर गेले आणि या वेळी पहारेकऱ्याला कात्री दिली. तीस ओलांडलेल्या या माणसाची ही धडपड वाचताना हसू येते आणि गलबलूनही येते. जे ध्येय आपल्या हातून सुटते आहे, त्याच्याकडे माणूस असाच वळून वळून पाहतो.

परत आल्यावर काय करायचे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. लोकांना मदत करायची तर शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात ते लहान मुलांबरोबर लॅटिनचे धडे गिरवू लागले. पुढे शिकत असताना त्यांच्या शिकवणुकीविषयी संशय घेऊन त्यांना दोन वेळा तुरुंगात टाकण्यात आले. १५२८ साली ते पॅरिसला गेले. तिथे त्यांच्या खोलीत दोन तरुण होते, पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर या मंडळींनी, एकूण सात जणांनी, व्रत घेतले. त्यात जेरुसलेम होतेच. पण या वेळी त्यांनी त्याला एक पुस्ती जोडली. ठरलेल्या मुदतीत जाता आले नाही, तर आपण पोप महोदयांच्या स्वाधीन व्हायचे. ते पाठवतील तिकडे जायचे. दहा वर्षांपूर्वीच्या इग्नेशियस यांना ही पुस्ती सुचली नसती. १५३७ साली सगळे व्हेनिसला जमले. तुर्कांशी युद्ध पेटले होते आणि त्या वर्षी यात्रेकरूंचे जहाज निघालेच नाही.

जेरुसलेम कायमचे राहिले. ते रोमला गेले. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. पुढच्या वर्षी इग्नेशियस संघाचे पहिले प्रमुख झाले आणि ३१ जुलै १५५६ रोजी मरण येईपर्यंत रोममध्येच राहिले. ज्याला प्रभूच्या देशात पायी हिंडायचे होते, त्याने उरलेली सुमारे पंधरा वर्षे टेबलाशी बसून पत्रे लिहिण्यात घालवली. त्यांची सहा हजारांहून अधिक पत्रे आजही उपलब्ध आहेत. जेरुसलेमचे जहाज त्या वर्षी निघाले असते, तर आपण आज ज्याला येशूसंघ म्हणतो तो कदाचित झालाच नसता. गोव्याला फ्रान्सिस झेवियर आले असते की नाही, कोण जाणे. तेही पहिल्या निवडीतले नव्हतेच. ज्यांना हिंदुस्थानात पाठवायचे ठरले होते ते आजारी पडले, म्हणून ऐनवेळी झेवियर यांना निघावे लागले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले, ते असे बदली म्हणून.

साधन आणि साध्य

इग्नेशियस यांनी आपला अनुभव 'आध्यात्मिक साधना' या लहानशा पुस्तकात नोंदवला. त्यात ते एक नेमकी गोष्ट दाखवून देतात. पुष्कळ माणसे आधी लग्न करायचे ठरवतात, आणि मग त्या लग्नात देवाची सेवा करू म्हणतात. कोणी आधी मानाची जागा पटकावतात, आणि मग तिच्यातून देवाची सेवा करू म्हणतात. क्रम उलटा झाला. जे साधन होते ते साध्य होऊन बसले आणि देवाने आपल्या मागून यावे अशी व्यवस्था झाली.

आपल्याकडे हे रोज घडते. डॉक्टर होणे हे साधन आहे, रोग्याचे दुःख हलके करणे हे साध्य. घर बांधणे हे साधन, त्या घरात माणसांनी एकमेकांना धरून राहणे हे साध्य. बापजाद्यांची वाडी विकून बंगला उभा राहिला आणि त्या पैशांच्या वाटणीवरून दोन भाऊ एकमेकांच्या पानाला बसेनासे झाले, तर साधन मिळाले आणि साध्य गेले. आखातात वीस वर्षे राबून बापाने मुलांना सगळे दिले. हे प्रेमच आहे, त्याबद्दल कोणी हलके बोलू नये. पण तो परत आला तेव्हा मुलांना त्याच्याशी काय बोलावे ते सुचेना, तर त्याच्या हिशेबात कुठेतरी एक रकाना लिहायचा राहून गेला.

म्हणून कोणत्याही ध्येयाला एक प्रश्न विचारावा: हे कशासाठी? उत्तर आले की पुन्हा विचारावा: आणि ते कशासाठी? तीन-चार वेळा विचारले की तळ लागतो. तळाशी कोणाचे तरी भले असेल, तर ध्येय भक्कम आहे. तळाशी फक्त 'लोकांनी बघावे' एवढेच असेल, तर आपण बुटांसाठी पाय कापून घेत आहोत.

ही हरलेल्याची समजूत आहे का?

कोणी म्हणेल, 'द्राक्षे मिळाली नाहीत की कोल्हा ती आंबट म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.' आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

कोल्हा द्राक्षांना नावे ठेवतो आणि निघून जातो. इग्नेशियस यांनी जेरुसलेमला कधी नावे ठेवली नाहीत. त्यांनी १५३७ साली पुन्हा प्रयत्न केला, आणि आपली पहिली मिस्सा पवित्र भूमीत अर्पण करता यावी या आशेने ती पुढे ढकलली, असे सांगतात. शेवटी १५३८ च्या नाताळात रोममध्ये ती अर्पण केली. ध्येय मोकळ्या हाताने धरायचे म्हणजे ढिल्या हाताने धरायचे असे नव्हे. जो माणूस तेहतिसाव्या वर्षी मुलांच्या बाकावर बसतो, त्याला कोण आळशी म्हणेल?

त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट त्यांच्या जवळच्या सोबत्याने नोंदवून ठेवली आहे. त्यांना सर्वांत मोठे दुःख कशाचे होईल, असा विषय निघाला होता. आपल्या चुकीवाचून येशूसंघच मोडला गेला तर, असे ते म्हणाले, आणि मग पुढे म्हणाले की पाव तास प्रार्थनेत बसलो तर मी त्यातूनही शांत होईन.

पाव तास! आपल्याला तो पुरणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करू. ज्याने शिक्षणासाठी कर्ज काढले आणि नोकरी मिळाली नाही, त्याला पाव तास पुरत नाही. ज्या जोडप्याला मूल हवे होते आणि झाले नाही, त्यांना पाव वर्षही पुरत नाही. सुटलेल्या ध्येयाचे दुःख होणे हा अविश्वास नव्हे. इग्नेशियस यांनाही जेरुसलेमपासून त्या पाव तासापर्यंत यायला तीस वर्षे लागली. दुःख करावे. फक्त त्या बंद दारापाशी कायमचे बसून राहू नये.

आपल्या मातीतला साक्षीदार

दूरचे उदाहरण नको असेल, तर वसईचे आहे. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले आणि येशूसंघीयांच्या शाळेत शिकले. लहान वयातच ते त्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून काही वर्षे राबले. त्यांची इच्छा एकच होती: येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही.

त्यांनी व्यापार सुरू केला आणि त्यात यश मिळवले. पुष्कळांनी इथेच गोष्ट संपवली असती. आपल्याला नाकारणाऱ्यांवर रुसून सुखाने जगायला काय हरकत होती? पण आतली ओढ विझली नव्हती. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली जपानला जाणाऱ्या फ्रान्सिस्कनांना दुभाषा हवा होता. ज्या भाषेच्या जोरावर पहिले दार उघडले नव्हते, तीच भाषा दुसऱ्या दारातून उपयोगी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आले. ८ जून १८६२ रोजी त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले.

त्यांना हवा होता तो झगा मिळाला नाही. पण तो झगा ज्यासाठी हवा होता, ते मिळाले.

एका आईची मागणी

आई-वडिलांसाठी शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. मत्तयच्या विसाव्या अध्यायात जब्दीच्या मुलांची आई येशूपुढे गुडघे टेकते आणि मागणे मागते की, तुझ्या राज्यात माझा एक मुलगा तुझ्या उजवीकडे आणि एक डावीकडे बसावा. प्रभू तिच्यावर रागावत नाही. पण तुम्ही काय मागता ते तुम्हाला कळत नाही, असे सांगतो. पुढे मत्तयच्याच सत्ताविसाव्या अध्यायात हीच आई कालवारीवर दुरून पाहत उभी असलेली दिसते. त्या दिवशी प्रभूच्या उजवीकडे आणि डावीकडे कोण होते? दोन चोर, क्रुसावर खिळलेले. आपण मुलांसाठी काय मागितले होते, हे त्या माऊलीला तेव्हा कळले असेल.

मुलांसाठी मागणे हे आईचे कामच आहे. पण मागणे वेगळे आणि त्यांच्या मानेवर जू ठेवणे वेगळे. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत आपल्या देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. प्रत्येकाचे कारण परीक्षा नव्हते. कारणे अनेक असतात आणि गुंतागुंतीची असतात. पण एखाद्या जरी मुलाला असे वाटले असेल की हे ध्येय चुकले तर घरात माझ्यासाठी जागा नाही, तर त्याचे उत्तर आपण मोठ्यांनीच द्यायला हवे. 'नापास झालास तरी या घरात तुझे ताट वाढलेले असेल,' हे वाक्य निकालानंतर बोलण्याचे नाही. ते निकालाच्या आधी बोलायचे असते आणि मुलाला ते पटेल असे वागायचे असते.

या आठवड्यासाठी

लेख वाचून बाजूला ठेवू नका. या आठवड्यात घरात तीन साध्या गोष्टी करून पाहा.

पहिली, रात्रीच्या प्रार्थनेनंतर पाच मिनिटे शांत बसा. आज कशाच्या विचाराने मन भरून आले आणि ते मागाहूनही टिकले? कशाच्या विचाराने नुसते उधाण आले आणि मग कोरडे वाटले? सांगायची गरज नाही, फक्त लक्षात घ्या.

दुसरी, आपले सध्याचे मोठे ध्येय एका ओळीत लिहा आणि त्याखाली इग्नेशियस व त्यांच्या सोबत्यांसारखी एक पुस्ती जोडा: 'हे झाले नाही तर मी...' ती ओळ लिहिता येत नसेल, तर समजावे की ध्येय आपल्या हातात नाही, आपणच त्याच्या मुठीत आहोत.

तिसरी गोष्ट मोठ्यांसाठी. पुढच्या वेळी एखादे लहान मूल भेटले, तर 'तू कोण होणार?' याऐवजी 'तुला कोणाला मदत करावीशी वाटते?' असे विचारून पाहा. मूल थोडा वेळ गोंधळेल. मग जे उत्तर देईल, ते बहुधा त्याचे स्वतःचे असेल.

प्रत्येकाला आपले जेरुसलेम असते. तिकडे निघावे, मन लावून चालावे. जहाज मिळाले तर देवाचे आभार मानावेत. नाही मिळाले, तर बंदरावर उभे राहून आजूबाजूला पाहावे. आपली गरज असलेली माणसे तिथेही असतात.